जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढच्या संधी: चंद्रपूर-गडचिरोलीतून पाहताना



विषयाचं नाव ऐकून कुणालाही वाटेल की आज इथे तारखांची एक यादी वाचून दाखवली जाणार. यादी आम्ही देणार आहोतच. ती न देता नुसता विचार सांगत बसलो तर भुकेल्या माणसाला स्वयंपाकाचं पुस्तक वाचून दाखवल्यासारखं होईल. पण यादीच्या आधी एका वाक्याबद्दल बोलायला हवं.

२०११ साली नागपूर विद्यापीठातून गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्याकडे आले. चंद्रपूरचं सरदार पटेल महाविद्यालय घ्या, वरोऱ्याचं आनंद निकेतन घ्या, ब्रह्मपुरीचं नेवजाबाई हितकारिणी घ्या, इथल्या विज्ञानाच्या मुलामुलींच्या कानावर एक वाक्य सतत पडतं: 'इथे काही नाही, संधी बाहेर आहेत.' बाहेर संधी आहेत हे खरं. 'इथे काही नाही' हे मात्र आम्ही मान्य करत नाही. आणि बाहेरची संधी हाती लागते तीही बहुधा इथलंच काहीतरी सोबत नेणाऱ्याला, असं आमचं म्हणणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला जीवशास्त्राशी काय देणंघेणं? तर जुनं नातं आहे. ॲरिस्टॉटलला आपण तत्त्वज्ञ म्हणून वाचतो, पण त्याच्या लेखनाचा मोठा भाग प्राण्यांवरचा आहे. त्यातलं बरंचसं लेस्बॉस बेटावरच्या खाऱ्या, उथळ जलाशयाकाठी राहून, कोळ्यांना विचारून लिहिलेलं आहे. ग्रीसच्या नदीतल्या एका माशाबद्दल त्याने लिहून ठेवलं की मादी अंडी घालून निघून जाते आणि नर ती राखत बसतो. युरोपातल्या विद्वानांना हे कित्येक शतकं पटलं नाही. एकोणिसाव्या शतकात लुई अगासीने तपासलं तेव्हा ते खरं निघालं. कोळ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. आता वैनगंगेच्या आणि प्राणहितेच्या काठावरच्या ढिवरांना माशांबद्दल काय काय ठाऊक आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं आहे?

असो. तारखांकडे वळू.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला मंडळांचे फलक लागतात, गावोगाव रात्ररात्र मांडव भरतात. नेमक्या त्याच दिवसांत तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन फेलोशिपचे अर्ज भरायचे असतात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करायला मिळतं, मानधन मिळतं, प्रवासखर्च मिळतो. अर्जासोबत आपल्याला काय करायचं आहे याचं छोटं निवेदन लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. आमच्या अनुभवात मुलं अडतात ती निवेदनापाशी. 'मला संशोधनाची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. निवडणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. 'आमच्या गावातल्या तलावात बेशरम वाढल्यापासून पाणकोंबड्या वाढल्या की कमी झाल्या हे मी दोन हिवाळे मोजलं आहे', असं कुणी लिहिलं तर तो माणूस खुर्चीत सरळ होऊन बसेल.

नाटकं अवश्य बघा, पण अर्ज आधी भरा.

दुसरी मोठी परीक्षा सीएसआयआर-नेट. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर या नावाने. नावाने म्हणायचं कारण असं की २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी 'जून'ची परीक्षा जुलैच्या शेवटी झाली, आणि 'डिसेंबर २०२४'ची फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाली. शहरातल्या मुलाला याने फारसा फरक पडत नाही. पण जुलैच्या शेवटी पर्लकोटेला पूर असतो, भामरागडची वाट बंद होते, आणि तिथल्या मुलीला परीक्षेसाठी आठवडाभर आधी निघून कुणा नातेवाइकाकडे राहावं लागतं. परीक्षा सर्वांना सारखी, असं आपण म्हणतो तेव्हा ही नदी हिशेबात धरलेली नसते. म्हणून सल्ला इतकाच, की केंद्र निवडताना आधी पावसाचा विचार करा, मग सोयीचा.

या परीक्षेची रचना नीट पाहिली तर आपल्याकडच्या विद्यार्थ्याने घाबरावं असं तीत फार नाही. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा. पहिल्या भागात २० पैकी १५ प्रश्न, ३० गुण. दुसऱ्यात ५० पैकी ३५, ७० गुण. तिसऱ्यात ७५ पैकी फक्त २५ सोडवायचे आणि गुण १००. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापले जातात. म्हणजे निम्मे गुण ज्या भागात आहेत तिथे तीनातले दोन प्रश्न सोडून द्यायची मुभा आहे. अभ्यासक्रमाचे घटक १३. त्यातले परिसंस्था, उत्क्रांती व वर्तन, उपयोजित जीवशास्त्र आणि संशोधनपद्धती हे पक्के असतील तर जंगलाच्या कडेला वाढलेल्या मुलाला त्यातली उदाहरणं पाठ करावी लागत नाहीत. शिकवणी वर्ग तेराही घटक सारखे घोटून घेतात. त्यांचा तो धंदा आहे. तुम्ही निवड करायला शिका.

कनिष्ठ फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. ती हुकली तरी २०२४ पासून नेटच्याच गुणांवर पीएच.डी. प्रवेशाची पात्रता मिळू लागली आहे. त्यात ७० टक्के भार परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला, पण ही पात्रता एकच वर्ष टिकते. हे पुष्कळ मुलांना माहीत नसतं, आणि वर्ष हातचं जातं.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या दरवर्षी ७५० राष्ट्रीय फेलोशिप असतात. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. या जाहिराती दरवर्षी त्याच महिन्यात येतील याचा नेम नाही. म्हणून कागद आधी तयार ठेवा, विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र. फॉर्म भरायच्या आठवड्यात ते मिळत नाही, कुणाच्याही ओळखीने मिळत नाही. वाइल्डलाइफकडे जायचं असेल तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेवर आणि बंगळुरूच्या एनसीबीएसवर लक्ष ठेवा. गेटमध्ये परिसंस्था व उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर असतो, तोही लक्षात असू द्या. वनसेवेच्या परीक्षांत पदवीला कोणते विषय चालतात याची यादी दिलेली असते. केंद्राच्या यादीत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र ही नावं स्पष्ट आहेत, जैवतंत्रज्ञानवाल्यांनी मात्र आपली गुणपत्रिका काढून जुळवून पाहावी. आणि 'आविष्कार' विसरू नका. २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांचा हा संशोधन महोत्सव चालतो, आधी विद्यापीठात निवड आणि मग राज्य पातळी. आमच्या मते पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपला प्रश्न अनोळखी माणसांपुढे उभं राहून सांगायची पहिली सवय इथेच करून घ्यावी.

आता इथल्या प्रश्नांकडे येऊ. आम्हाला जरा सविस्तर बोलायचं आहे ते सिकलसेलबद्दल.

तुम्हाला हे पुस्तकात आहेच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. एक अक्षर बदललं आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकली. १९४९ साली लायनस पॉलिंगने या आजाराला रेणूचा आजार म्हटलं, पुढे १९५० च्या दशकात इंग्रॅमने नेमका बदल दाखवला, १९५४ मध्ये ॲलिसनने मलेरियाशी नातं जोडलं. एक सदोष जनुक असलेल्या वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिलं. एम.एस्सी.चा विद्यार्थी हे उत्तरपत्रिकेत लिहितो, आकृती काढतो, दहा गुण मिळवतो. आणि त्याच वर्गात मागच्या बाकावर एखादी मुलगी बसलेली असते जिचा भाऊ 'एसएस पॅटर्न'चा आहे, ज्याचे सांधे थंडीत असे दुखतात की घर रात्रभर जागतं. महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार वर्षानुवर्षं गडचिरोलीवर आहे. म्हणजे ॲलिसनच्या सिद्धांताच्या दोन्ही बाजू याच रानात हजर आहेत. पुस्तकातल्या आफ्रिकेच्या नकाशाकडे बोट दाखवून शिकवायची खरं तर गरज नाही.

यातल्या संधी अगदी ठोस आहेत. आयसीएमआरच्या मुंबईच्या रक्तविज्ञान संस्थेने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र चंद्रपुरात उभं केलं आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. पहिली सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. हे तंत्र येणारी माणसं लागतात. आकडेवारी सांभाळणारी लागतात. आणि सगळ्यात जास्त लागतात ती समजावून सांगणारी. 'वाहक' म्हणजे रोगी नव्हे, हे लग्न ठरवायला बसलेल्या दोन घरांना माडियात, गोंडीत, झाडीबोलीत सांगता येणं ही कामगिरी प्रयोगशाळेतल्या यंत्राला जमणारी नाही. वाहक असल्याचं कळलं म्हणून मुलीचं लग्न मोडलं, तर आपण तपासणी केली की अपाय केला? हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर रक्त काढणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या पहिल्या दोन वाक्यांवर ठरतं.

याच आजाराच्या संदर्भात डॉ. अभय बंग यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. गडचिरोलीत आल्यावर सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचं सर्वेक्षण केलं. प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा होता. पण लोकांच्या लेखी त्या वेळी तो आपला पहिला प्रश्न नव्हता, संशोधकांचा होता, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे 'सर्च'ने बाळांच्या मृत्यूंकडे लक्ष दिलं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. जगभरातल्या आरोग्यधोरणांनी त्याची दखल घेतली, आणि देशातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. त्यात महागडं उपकरण कोणतं होतं? हातातलं घड्याळ, वजनकाटा, थर्मामीटर, आणि एकही जन्म, एकही मृत्यू न सुटणारी नोंदवही. २००६ पासून 'सर्च'चा 'निर्माण' हा युवा उपक्रम चालतो, त्याच्या शिबिरांच्या निवडीकडेही लक्ष ठेवा.

जंगलाचं स्वतःचंही एक वेळापत्रक असतं, आणि त्यासाठी कुठला फॉर्म भरावा लागत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. माजी मालगुजारी तलावांचा हा मुलूख, पण शेकडो तलावांकडे मोजायला कुणी फिरकत नाही. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना असते, तीत महाविद्यालयाचा परिसर मोजायची सोय आहे आणि ई-बर्डवर केलेली नोंद जगातल्या कुणाही संशोधकाला वापरता येते. सप्टेंबर फुलपाखरांचा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्यात पाणवठ्याकाठी मचाणावर बसायला मिळतं, तो आता शास्त्रीय गणनेपेक्षा अनुभवाचा कार्यक्रम झाला आहे, आणि तसाच त्याकडे पाहावं. वाघांची खरी गणना दर चार वर्षांची. २०२२ च्या फेरीत महाराष्ट्रात ४४४ वाघ आढळले, पुढची फेरी २०२६ ची. कॅमेरे लावणं, ठसे नोंदणं, मागावर चालणं याला दमदार पायांची आणि नीट नोंद करणाऱ्या हातांची गरज लागते.

पण वाघाचं नाव निघालं की आमचं मन मोजणीपाशी थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, पहाटेच वेचावी लागतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. दोन्ही कामांत बायका वाकून, खाली बसून असतात आणि वेळ वाघाच्या फिरतीची. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा बातमीवर दोन दिवस बोललं जातं. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात विचारण्यासारखं किती आहे पाहा. वेचणीच्या वेळा आणि वाघाच्या वावराच्या वेळा किती एकमेकांवर येतात? फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात, त्या आगीत रोपं किती मरतात, आणि पाचोळा न जाळता खाली जाळी बांधली तर बाईचं रानात थांबणं किती मिनिटांनी कमी होतं? एक मोह, एक घड्याळ, तीस पहाटा. एवढ्यावर प्रबंधिका होते. आणि तिचा निष्कर्ष कुणाचा तरी जीव वाचवू शकतो.

याउलट आज प्रबंधिका कशा होतात? गावाचं नाव बदलून मातीचे, पाण्याचे तेच नमुने, तीच कोष्टकं. मागच्या वर्षीची प्रत कपाटात असतेच. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आम्ही यावर जास्त बोलत नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बाहेरच्या विद्यार्थ्यांनी पाहायला यावं असं गाव. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या हक्कांपैकी तो एक. पण आम्हाला त्याहून लक्षणीय वाटतो तो तिथला अभ्यासगट. गाव एखादा प्रश्न घेतं, त्यावर बसतं, माहितगार बाहेरचा असेल तर त्याला बोलावतं, आणि मग ग्रामसभा ठरवते. माश्या न मारता पोळ्याचा फक्त मधाचा भाग काढून घ्यायची रीत अशाच अभ्यासातून आली. आमच्या विद्यापीठीय चर्चासत्रांत चहाच्या वेळेवर जितकं लक्ष असतं तितकं जर अशा बैठकीच्या रीतीवर दिलं, तर बरं होईल.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती कागदोपत्री पुरी झालेली आहे. ती खरी करायची तर वनस्पती ओळखणारा विद्यार्थी आणि तिचं स्थानिक नाव, उपयोग सांगणारी आजी, दोघं एका चटईवर बसायला हवीत. मात्र तिथे दोन पथ्यं पाळावी लागतात. संरक्षित जंगलात नमुना गोळा करण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी, आणि गावात काही विचारण्याआधी ग्रामसभेची. औषधी झाडाची माहिती घेऊन गेलेला माणूस परत आलाच नाही, अशा तक्रारी या दोन जिल्ह्यांत आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. तुमचा अहवाल मराठीत, जमल्यास गोंडीत, त्याच गावात उभं राहून वाचून दाखवा.

सिरोंच्याकडची मुलं याबाबत दुहेरी भाग्यवान. तिथे कोट्याच्या खडकांत डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडतात, वडधमला जीवाश्म उद्यान आहे, कोलामार्क्याला रानम्हशी आहेत. आणि त्या मुलांना तेलुगू येतं, म्हणजे हैदराबादच्या प्रयोगशाळा त्यांना नागपूरपेक्षा परक्या वाटायचं कारण नाही. मुलचेऱ्याकडे बंगाली बोलणारी घरं आहेत, कोरचीत छत्तीसगढी. ही भाषांची पुंजी कुठल्याच प्रवेशपरीक्षेत मोजली जात नाही, क्षेत्रकामात मात्र पहिल्याच दिवशी मोजली जाते.

आता आलेल्या प्रश्नांपैकी एकच घेतो. विचारलं आहे, 'मोठ्या संस्थेतला मार्गदर्शक आमच्यासारख्यांना उत्तर देईल का?'

देतात, निदान काही जण तरी. पत्र असं लिहा. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कुठे शिकता. मग त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचून त्यातलं एक वाक्य, जे तुम्हाला पटलं किंवा खटकलं. मग तुमच्या भागातलं तुम्ही स्वतः पाहिलेलं काही, आकड्यासह. शेवटी नेमकी विनंती: किती आठवडे, कोणते महिने. इंग्रजी साधं असलं तर चालतं, चुका शिक्षकांकडून तपासून घ्या. सोबत भलीमोठी गुणपत्रिका जोडू नका. एकच पत्र पन्नास जणांना पाठवू नका, ते ओळखू येतं. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग दुसऱ्याला लिहा. हे सगळं दिवाळीआधी उरकलं, तर शिफारसपत्र मागायला शिक्षकांकडे जाताना तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.